सिस्टिक फायब्रोसिसमध्ये फुप्फुसाचा दाह कसा सुरू होतो आणि का थांबत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाला सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात जनुकीय आजाराचं निदान झालं की सगळ्यांचं लक्ष जंतूंकडे जातं. कफात काय वाढलं, कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल, याचीच चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण फुप्फुसाची रचना कायमची बिघडते ती मुख्यतः आपल्याच प्रतिकारपेशींमुळे, आणि हा बिघाड खोकला दिसण्याच्या पुष्कळ आधी सुरू झालेला असतो. हे नीट समजलं की मूल ठणठणीत दिसत असतानाही रोजचे उपचार का चुकवायचे नाहीत, ते वेगळं सांगावं लागत नाही.

दाह म्हणजे फुप्फुसात नेमकं काय चालू असतं?

श्वासनलिकेत जंतू शिरला किंवा तिथल्या पेशींना इजा झाली की त्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. त्या संदेशांच्या मागावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात, जंतू गिळतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलला जातो आणि सगळं निवतं. निरोगी फुप्फुसात हे थोड्या दिवसांत आटोपतं. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सुरुवात जोरात होते, पण निवण्याचा टप्पा येतच नाही. पांढऱ्या पेशी येत राहतात, तिथेच मरतात, त्यांच्या मरण्याने नव्या पेशींना आणखी बोलावणं जातं. दाह संपवण्यासाठी शरीर जे पदार्थ तयार करतं, तेही इथे कमी पडतात.

एका जनुकातल्या बिघाडाचा फुप्फुसाच्या दाहाशी काय संबंध?

हे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे आणि ते १९८९ मध्ये सापडलं. त्यावरून सीएफटीआर नावाचं प्रथिन बनतं. पेशीच्या पृष्ठभागावर हे प्रथिन दरवाजासारखं बसतं आणि त्यातून क्लोराइड व बायकार्बोनेट बाहेर जातात. आई आणि वडील या दोघांकडून सदोष प्रत आली, तरच आजार होतो.

क्लोराइड बाहेर गेलं की त्याच्या मागोमाग पाणी जातं. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, साधारण सात मायक्रोमीटर जाडीचा. त्यात सिलिया, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू, सतत हलत असतात आणि वरचा चिकट स्राव घशाकडे ढकलत नेतात. धूळ आणि जंतू त्या स्रावाबरोबर बाहेर जातात. सीएफटीआर काम करत नसेल तर हा थर आटतो, स्राव घट्ट होतो, सिलिया त्याखाली दबतात.

बायकार्बोनेटची कमतरता तेवढीच महत्त्वाची आहे, पण तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. स्रावातली म्युसिन नावाची प्रथिनं पेशीतून बाहेर पडताना घट्ट गुंडाळलेली असतात; बायकार्बोनेट मिळालं तर ती नीट उलगडतात, नाही मिळालं तर गुंत्यासारखी राहून पृष्ठभागाला चिकटतात. शिवाय श्वासनलिकेतला द्रव आम्लधर्मी होतो, आणि त्यात आपली नैसर्गिक जंतुनाशक प्रथिनं दुबळी पडतात. डुकरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. हाच जनुकीय दोष असलेली पिल्लं जन्मली तेव्हा त्यांच्या फुप्फुसांत दाह नव्हता. पण आत सोडलेले जंतू मारायला ती निरोगी पिल्लांइतकी समर्थ नव्हती. पुढे त्यांना माणसासारखाच फुप्फुसाचा आजार झाला.

मग आधी संसर्ग होतो की आधी दाह?

या प्रश्नावर शास्त्रज्ञांचे अनेक वर्षं दोन गट होते, आणि पूर्ण एकमत आजही नाही.

संसर्गाला पहिला मान देणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. स्राव साचतो, त्यात जंतू टिकतात, म्हणून दाह होतो. डुकराच्या पिल्लांचा पुरावा याच बाजूचा.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही भक्कम आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही महिन्यांच्या, काही तर अवघ्या चार आठवड्यांच्या बाळांच्या फुप्फुसातला द्रव तपासला गेला. ज्या बाळांमध्ये कोणताही जंतू वाढला नाही, त्यांच्यातही न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी आणि इंटरल्युकिन-८ हा त्यांना बोलावणारा संदेश वाढलेला होता. दोष असलेल्या फेरेट प्राण्यांना जन्मापासून अँटिबायोटिकांच्या छत्राखाली वाढवलं, तरी त्यांच्या फुप्फुसात दाह झालाच. कारण असं दिसतं: घट्ट स्रावाखाली दबलेल्या पेशींना प्राणवायू कमी मिळतो, त्यातल्या काही मरतात आणि मरताना इंटरल्युकिन-१ अल्फा सोडतात. हा संदेश शेजारच्या पेशींना आणखी म्युसिन बनवायला लावतो, आणि न्यूट्रोफिलनाही बोलावतो. म्हणजे साचलेला स्राव हाच दाहाला पुरेसा आहे, जंतू नसला तरी.

माझं मत विचाराल तर घरच्यांच्या दृष्टीने या वादाचा निकाल फारसा महत्त्वाचा नाही. दोन्ही वाटा स्राव साचण्यापासूनच निघतात. एकदा जंतू आले की दाह कित्येक पटींनी वाढतो, याबद्दल तर वाद नाहीच.

आमचं बाळ छान खेळतं, वजनही वाढतंय, खोकला नाही. तरीही दाह असू शकतो का?

हो. हाच या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

ऑस्ट्रेलियात नवजात तपासणीतून निदान झालेल्या बाळांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. त्यांच्या फुप्फुसातला द्रव आणि सीटी स्कॅन ठरावीक वयांना तपासले गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांची होईपर्यंत त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या स्कॅनमध्ये ब्राँकायएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिका रुंदावल्याच्या खुणा होत्या. ज्या बाळांच्या द्रवात तिसऱ्या महिन्यातच न्यूट्रोफिल इलास्टेज हे विकर (एन्झाइम) सक्रिय सापडलं, त्यांना हा धोका जास्त होता. यातल्या पुष्कळ मुलांना बाहेरून काहीही त्रास दिसत नव्हता.

हे वाचून घाबरून जाऊ नका, पण छाती मोकळी करण्याचा व्यायाम "आज बरा आहे, राहू दे" म्हणून टाळण्याआधी ते नक्की आठवा. लक्षणं नसतानाचा काळ हाच फुप्फुस वाचवण्याचा काळ आहे. रुंदावून कमकुवत झालेली नलिका नंतर पूर्ववत करणारं औषध अजून नाही.

न्यूट्रोफिल एवढ्या मोठ्या संख्येने येतात, तर जंतू मरत का नाहीत?

निरोगी माणसाच्या फुप्फुसातून काढलेल्या द्रवात न्यूट्रोफिल शेकडा दोन-तीन असतात, उरलेल्या बहुतेक मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी. सिस्टिक फायब्रोसिस वाढलेल्या रुग्णात न्यूट्रोफिलचं प्रमाण अर्ध्याच्या वर जातं. फौज मोठी आहे, पण घट्ट स्रावात तिला हलता येत नाही आणि जंतूंच्या वसाहतीच्या आतपर्यंत पोचता येत नाही.

त्यात या पेशींच्या पोटात भरलेली विकरं बाहेर सांडतात. त्यांतलं सर्वांत घातक इलास्टेज. फुप्फुसाला लवचीकता देणारा इलास्टिन हा तंतू ते तोडतं. एरवी त्याला आवर घालायला अल्फा-१ अँटिट्रिप्सिनसारखी प्रथिनं असतात. पण इथे इलास्टेज एवढं सांडतं की त्यांचा साठा पुरत नाही. मोकाट सुटलेलं इलास्टेज मग जंतूंवर खूण करणारी प्रतिपिंडं तोडतं आणि न्यूट्रोफिलवरचे जंतू ओळखणारे ग्राहकही (रिसेप्टर) तोडतं. मरणाऱ्या पेशी उचलून नेण्यासाठी मॅक्रोफेजना ज्या खुणा लागतात, त्याही त्यातून सुटत नाहीत. वर स्राव बनवणाऱ्या पेशींना ते आणखी स्राव करायला लावतं. तणासाठी फिरवलेल्या विळ्याने उभं पीक कापलं जावं आणि तण तसंच राहावं, तशी ही गत आहे.

खुद्द न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज यांच्यातही सीएफटीआर असतं. त्यामुळे या पेशी मुळातच थोड्या वेगळ्या वागतात, असे पुरावे मिळाले आहेत. त्याचा वाटा किती, यावर काम चालू आहे.

कफ हिरवा आणि दोरीसारखा ताणला जाणारा का असतो?

हिरवा रंग न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा. त्यामुळे हिरवेपणा जंतूपेक्षा पेशींच्या गर्दीबद्दल जास्त सांगतो. चिवटपणाचं मोठं कारण म्हणजे मेलेल्या न्यूट्रोफिलमधून बाहेर पडलेला डीएनए. काही पेशी तर जंतू पकडण्यासाठी आपला डीएनए मुद्दाम जाळ्यासारखा बाहेर फेकतात. डॉर्नेज अल्फा हे वाफेतून घ्यायचं औषध हाच डीएनए तोडतं. ते १९९३ पासून वापरात आहे.

कोणते जंतू दाह वाढवतात?

लहानपणी बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी सापडतात. वय वाढेल तसा स्यूडोमोनास एरुजिनोसा पुढे येतो. याची खासियत अशी की घट्ट स्रावाच्या आत जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो तिथेही तो जगतो, आणि काही काळाने अल्जिनेट नावाच्या बुळबुळीत आवरणात स्वतःला गुंडाळून घेतो. या अवस्थेला पोचलेला स्यूडोमोनास समूळ घालवणं फार कठीण. न्यूट्रोफिल त्याला गिळू शकत नाहीत, अँटिबायोटिक नीट पोचत नाही, दाह मात्र चालू राहतो. म्हणूनच तो पहिल्यांदा सापडला की लक्षणं नसतानाही डॉक्टर लगेच तो संपवायचे उपचार सुरू करतात. त्या वेळी "मुलाला काही होत नाहीये, मग एवढी औषधं कशाला?" असं वाटणं स्वाभाविक आहे. तरी ती संधी सोडू नका, कारण नंतर ती मिळेलच असं नाही.

बर्कहोल्डेरिया सेपेशिया गट आणि मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस हे कमी जणांत सापडतात, पण उपचाराला फार जड जातात.

साध्या सर्दीनेही एवढा फरक पडतो?

पडतो. विषाणूंमुळे आधीच दबलेल्या पेशींना इजा होते, स्राव वाढतो, आणि शांत बसलेल्या जिवाणूंना जागा मिळते. फ्लूची लस म्हणूनच दरवर्षी घ्यायला सांगतात.

आजार मध्येच उसळतो तेव्हा आत काय होतं?

खोकला आणि कफ वाढतो, कफाचा रंग बदलतो, भूक जाते, दमायला होतं, फुंकण्याच्या तपासणीतला एफईव्ही-वन, म्हणजे जोरात फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचा आकडा खाली येतो. आत न्यूट्रोफिल आणि इलास्टेजची लाट आलेली असते. दर वेळी नवा जंतू आलेला असतोच असं नाही. पुष्कळदा जुनेच असतात, आणि समतोल ढळलेला असतो.

अमेरिकेतल्या रुग्णनोंदणीवर आधारलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की अशा उसळीनंतर, शिरेतून अँटिबायोटिक देऊनही, साधारण चारांतल्या एका रुग्णाची फुप्फुसक्षमता आधीच्या पातळीजवळ परतली नाही. त्यामुळे खोकल्याचा नेहमीचा सूर बदलला की दोन-चार दिवस वाट पाहण्यापेक्षा त्याच दिवशी कळवलेलं बरं.

दाहच मुळाशी आहे, तर स्टिरॉइड देऊन तो बंद का करत नाहीत?

करून पाहिलं आहे. एकाआड एक दिवस प्रेडनिसोन देण्याच्या मोठ्या चाचणीत फुप्फुसांना काही फायदा दिसला. पण मुलांची उंची खुंटली, रक्तातली साखर बिघडली, काहींना मोतीबिंदू झाला. जास्त मात्रेचा गट मध्येच थांबवावा लागला. आज दीर्घकाळ तोंडावाटे स्टिरॉइड फक्त विशिष्ट कारणांसाठी देतात. उदाहरणार्थ, अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जी झाली असेल तर. ओढायची स्टिरॉइडं सोबत दमा असेल तर उपयोगी पडतात. नुसत्या सिस्टिक फायब्रोसिसच्या दाहावर त्यांचा ठोस उपयोग दिसलेला नाही.

याहून महत्त्वाचा धडा एका वेगळ्या औषधाने दिला. ल्युकोट्रायीन बी-४ हा न्यूट्रोफिलना बोलावणारा आणखी एक संदेश. तो अडवणाऱ्या औषधाची चाचणी मुदतीआधी बंद करावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये आजाराच्या उसळ्या वाढल्या. न्यूट्रोफिल नुकसान करतात हे खरं, पण जंतूंना थोपवून धरणाऱ्याही त्याच आहेत. दाह पूर्ण विझवायचा नसतो, आवरायचा असतो. "सूज घालवणारं" म्हणून विकलं जाणारं काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये, ते याचसाठी.

आयब्युप्रोफेनबद्दल ऐकलं आहे. ते घरी देता येईल का?

स्वतःहून अजिबात देऊ नका. १९९५ च्या चाचणीत चार वर्षं मोठ्या मात्रेत आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांच्या फुप्फुसांची घसरण मंदावली, आणि सर्वाधिक फायदा तेरा वर्षांखालच्या मुलांना झाला. पण त्यासाठी रक्तातली पातळी मोजून प्रत्येकाची मात्रा ठरवावी लागते. पातळी कमी राहिली तर न्यूट्रोफिलची ये-जा उलट वाढू शकते. पोटात रक्तस्राव होण्याचा आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका असतो, आणि टोब्रामायसिनसारखी औषधं शिरेतून चालू असताना तो आणखी वाढतो. या कटकटींमुळे बहुतेक ठिकाणी हा उपचार फारसा वापरला जात नाही.

अझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीन वेळा, महिनोन्‌महिने का देतात? एवढं अँटिबायोटिक चालतं का?

इथे ते मुख्यतः जंतू मारायला दिलेलं नसतं. स्यूडोमोनासला ते नेहमीच्या अर्थाने मारत नाही, तरीही २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्यूडोमोनास असलेल्या रुग्णांची फुप्फुसक्षमता सुधारली आणि उसळ्या कमी झाल्या. दाह सौम्य करणं आणि जंतूंची आवरणं बनवण्याची क्षमता घटवणं, असा त्याचा दुहेरी परिणाम मानला जातो. सुरू करण्याआधी कफात क्षयेतर मायकोबॅक्टेरिया (क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतले, पण क्षय न करणारे जंतू) नाहीत ना, हे तपासायलाच हवं. ते असताना एकटं अझिथ्रोमायसिन दिलं तर ते जंतू त्याला दाद देईनासे होतात, आणि मग त्यांच्यावरचं एक महत्त्वाचं औषध हातचं जातं. ऐकण्याची क्षमता आणि ईसीजी यांवरही लक्ष ठेवतात.

छातीची फिजिओथेरपी आणि मिठाच्या पाण्याची वाफ हेही दाहावरचे उपचार मानायचे का?

माझ्या मते हेच पहिले उपचार मानावेत. वर सांगितलं तसं सगळं चक्र साचलेल्या स्रावापासून सुरू होतं. स्राव बाहेर गेला की त्याच्याबरोबर जंतू, इलास्टेज, डीएनए आणि दाहाचे संदेश असं सगळंच बाहेर जातं. सात टक्क्यांचं मिठाचं द्रावण नेब्युलायझरने घेतलं की पृष्ठभागावर पाणी खेचलं जातं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत त्याने उसळ्या लक्षणीय कमी झाल्या. व्यायाम, धावणं, पोहणं यांचाही उपयोग होतो. पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय फिजिओथेरपीच्या जागी ते धरू नका.

नवी मॉड्युलेटर औषधं दाह थांबवतात का?

बऱ्याच अंशी कमी करतात, पूर्ण थांबवत नाहीत.

ही औषधं थेट सीएफटीआर प्रथिनावर काम करतात. आयव्हाकाफ्टर २०१२ मध्ये आलं. इलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर अशा तीन औषधांच्या एकत्रित गोळीला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. एफ५०८डेल या सर्वांत जास्त आढळणाऱ्या उत्परिवर्तनाची एक जरी प्रत असली तरी ही गोळी लागू पडते. अनेकांचा कफ इतका कमी होतो की तपासायला नमुना मिळणं अवघड होतं. कफातलं इलास्टेज, इंटरल्युकिन-८ आणि इंटरल्युकिन-१ बीटा उतरतात, तरी निरोगी माणसाच्या पातळीला येत नाहीत. जंतूंची संख्या घटते, पण जुना स्यूडोमोनास बहुधा पूर्ण जात नाही. आधीच रुंदावलेल्या नलिकांमध्ये स्राव आणि जंतू थोडेफार साचतच राहतात आणि दाहाला तेवढं निमित्त पुरतं. म्हणून ही औषधं जितक्या लहान वयात मिळतील तितकं चांगलं.

काहींच्या उत्परिवर्तनात प्रथिन बनतच नाही, त्यामुळे दुरुस्त करायला काही उरत नाही. त्यांच्यासाठी हे उपचार नाहीत, आणि औषध लागू पडत असूनही किमतीमुळे ते न मिळणारे जगात पुष्कळ आहेत. या दोघांसाठी दाहाला आवर घालणाऱ्या चांगल्या औषधाची गरज जराही कमी झालेली नाही.

दाह किती आहे हे मोजता येतं का?

एकाच रक्ततपासणीत नाही. सीआरपी हा रक्तातला दाहाचा निर्देशक उसळीच्या वेळी वाढतो, पण तो सामान्य आहे म्हणून फुप्फुसात दाह नाही असा अर्थ काढता येत नाही. कफातलं किंवा दुर्बीण घालून काढलेल्या द्रवातलं इलास्टेज अधिक नेमकं सांगतं, मात्र ते बहुतेक संशोधनातच मोजलं जातं. रोजच्या व्यवहारात एफईव्ही-वन, कफाची तपासणी आणि ठरावीक काळाने सीटी यांवरून अंदाज घेतात. लहान वयात एफईव्ही-वन चांगला असूनही सीटीत बदल दिसू शकतात, हे लक्षात असू द्या.

खाण्याने दाह कमी होईल का?

विशिष्ट पदार्थाने दाह आटोक्यात येतो असं दाखवणारा खात्रीचा पुरावा नाही. पोषण मात्र थेट महत्त्वाचं आहे. वजन चांगलं असलेल्या मुलांची फुप्फुसंही जास्त चांगली राहतात. म्हणून तेल-तूप तोडणारे, उपाशी ठेवणारे "दाहशामक" आहार या मुलांना देऊ नका. त्यांना इतरांपेक्षा जास्त उष्मांक आणि जास्त स्निग्धांश लागतो, सोबत स्वादुपिंडाची विकरं आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं.

घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर?

घराबाहेर ओढा एवढं सांगून भागत नाही, सोडायलाच हवी. धुराने दाह वाढतो, सिलिया दुबळ्या होतात, आणि निरोगी माणसाच्या सीएफटीआरचंही काम मंदावतं. ज्याच्याकडे ते आधीच नाही किंवा औषधाने जेमतेम चालतंय, त्याच्यावर काय परिणाम होत असेल याचा विचार करा. चुलीचा आणि कचरा जाळल्याचा धूरही टाळा.

हा दाह संसर्गजन्य आहे का? दोन रुग्णांनी एकमेकांना भेटावं का?

आजार जनुकीय आहे, तो कुणाला लागत नाही, आणि शाळेतल्या मित्रांना काही धोका नाही. पण सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या दोघांनी प्रत्यक्ष जवळ येणं टाळावं, कारण एकाच्या फुप्फुसात मुरलेला जंतू दुसऱ्याकडे जाऊ शकतो. किमान दोन मीटर अंतर सांगितलं जातं. मुलांना हे फार जड जातं, कारण आपलं दुखणं ज्याला कळतं अशा एकमेव मित्राला ते मिठी मारू शकत नाहीत. फोनवर, व्हिडिओवर त्यांना भरपूर बोलू द्या.

ताबडतोब रुग्णालय गाठावं अशी लक्षणं कोणती?

खोकल्यातून चमचाभराहून जास्त रक्त पडणं, छातीत अचानक एका बाजूला तीव्र दुखून धाप लागणं, ओठ निळसर पडणं, किंवा बोलताना वाक्य पूर्ण न होणं. दीर्घ दाहाने श्वासनलिकांभोवतीच्या धमन्या फुगलेल्या आणि नाजूक झालेल्या असतात, त्यांतली एखादी फुटली की रक्त येतं. अचानक दुखून धाप लागली तर फुप्फुसाबाहेर हवा सुटलेली असू शकते. कफात रक्ताची एखादी रेघ दिसली तर घाई नाही, पण त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवा. रक्त जास्त पडत असेल तर रुग्णालयात पोचेपर्यंत मिठाच्या पाण्याची वाफ आणि छाती थोपटण्याची फिजिओथेरपी थांबवा.